तांबडीतला बांध

१८ नोव्हेंबर. सकाळी वाकळा धुवायला काढल्या. पुतणीचं लग्न पाच दिवसांवर होतं. लग्न कार्यालयात असलं तरी पाहुणे झोपायला घरीच येतात, आणि माळ्यावरच्या वाकळांना वर्षभराचा कुबट वास लागलेला असतो. नवऱ्याला सांगून सगळा ढीग ट्रॉलीत भरला आणि डोंगराखालच्या विहिरीवर नेऊन घेतला. तिथे हौद मोठा आहे, मोटारीचं पाणी जोरात पडतं आणि वाळत घालायला कातळ आहे. ट्रॉली तिथेच सोडून तो ट्रॅक्टर घेऊन घरी गेला, कारण मांडववाल्यांचा हिशेब व्हायचा होता. मी पदर खोचला आणि पहिली वाकळ हौदात बुडवली.

धुणं घराजवळच्या नळावरही झालं असतं. पण डोंगराखालच्या विहिरीवरून तांबडीच्या खाणीचं तोंड सरळ दिसतं, आणि लग्न होईपर्यंत मला तिकडे लक्ष ठेवायचं होतं.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्याच्या कोरड्या अंगाला आहे. गावामागे डोंगर म्हणावा एवढा उंच नसलेला डोंगर आहे. त्याच्या कुशीत काळ्या पाषाणाखाली तांबड्या मातीचा एक थर आडवा गेला आहे, कुठे गुडघाभर, कुठे पुरुषभर. त्या थराखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक. एक लाव्हा वाहून थंड झाला, त्याच्यावर कितीतरी काळ ऊनपाऊस होऊन माती झाली, मग दुसरा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला आणि ती भाजून लाल झाली. पुस्तकात एवढंच आहे. गावात तिला तांबडी म्हणतात. उंबरा, चूल, तुळस, देवळीचा कठडा, सगळं तिनेच सारवतात. दुकानात पुडीतला गेरू मिळतो, पण पुडीतल्या गेरूने कुंड्या रंगवायच्या. उंबऱ्याला तांबडी आपल्या कपारीतलीच लागते.

आपल्या कपारीतली, हे महत्त्वाचं. डोंगर गायरानात आहे, तरी तिथे ज्या त्या घराची कपार वेगळी आहे. सासूने जिथून काढली तिथूनच सुनेने काढायची. पिढ्यान्‌पिढ्या बायका खुरप्याने आणि लहान टिकावाने कोरत आत गेल्या. वर काळा पाषाण तसाच राहिला आणि खाली पोकळी वाढत गेली. लग्नघरी मांडव घातला की नवरीच्या आईने स्वतः जाऊन पहिली पाटी आणायची, तिने दारात आणि मुहूर्तमेढीच्या बुडाशी सारवायचं, आणि मग हळद. ही पाटी दुसऱ्या कुणी आणलेली चालत नाही.

मी सांगलीत भूगर्भशास्त्र शिकले आणि नोकरीची बरीच वर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत काढली. नवरा फौजेत, आज इथे उद्या तिथे, तेव्हा मी कुठे आहे याने कुणाचं अडत नव्हतं. माझं काम सोपं होतं. जमिनीत खोल बोअर मारून दगडाचे लांब दांडे वर काढायचे, ते लाकडी पेट्यांत क्रमाने मांडायचे आणि कुठला थर किती आहे ते नोंदायचं. वालुकाश्म, शेल, कोळसा, पुन्हा शेल, पुन्हा वालुकाश्म. तिकडचा वालुकाश्म पांढुरका, खडीसाखरेचा चुरा दाबून बसवल्यासारखा. बोटाने घासला तर कण सुटतात. त्याच्यात पाणी असतं. कोळशाचा थर त्याच्या पोटात असा आडवा पडलेला असतो, जशी आमच्याकडे तांबडी काळ्या पाषाणाच्या पोटात आहे.

खाणीत उतरल्यावर पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. कोळसा सगळा काढायचा नसतो. मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडायचे असतात. वरचा सगळा डोंगर त्या खांबांवर उभा असतो. खांबातला कोळसा फुकटचा दिसतो, जवळ असतो, काढायला सोपा असतो, आणि त्याला हात लावायचा नसतो. छताखाली जाण्याआधी लांब गजाने ते ठोकून बघायचं. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर मागे फिरायचं.

वालुकाश्माचं छत निदान आधी सांगतं. लाकडाचे टेकू करकरतात, कण झरायला लागतात, छत पोट खाली सोडतं. माणसं म्हणतात, छत बोलतंय. आमचा काळा पाषाण त्याहून कितीतरी कठीण, म्हणून लोकांना तो जास्त भरवशाचा वाटतो. पण त्याला वरपासून खालपर्यंत उभ्या भेगा असतात. तो अखंड नसतो. कपाटं एकमेकांना खेटून उभी करावीत तसे त्याचे ठोकळे एकमेकांना खेटून असतात. खालचा आधार असेपर्यंत उभे राहतात. आधार गेला की काही न बोलता येतात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नोकरी सोडून गावी आले. त्या वर्षीच्या दिवाळीआधी मोठ्या जाऊबाईंबरोबर पहिल्यांदा आमच्या कपारीत गेले. मी त्यांना आक्का म्हणते; आता लग्न ठरलेली पुतणी त्यांचीच लेक. आत वाकून गेल्यावर त्या खुरपं घेऊन बसल्या आणि मी वर बघत राहिले. बाहेर आल्यावर मी शेजारची कपार पाहिली. ती आमच्या भावकीतली, चुलतदिराची. दोन्ही कपारींच्या मधे तांबडीची एक भिंत होती आणि ती भिंत माझ्या हाताच्या लांबीएवढीसुद्धा जाड नव्हती. बाहेर तोंडाशी दोघांच्या मधोमध चुना लावलेला हद्दीचा दगड रोवलेला होता. दगड जाग्यावर होता, भिंत मात्र दोन्ही बाजूंनी झिजली होती.

आमच्या भागात शेताचा बांध कसा असतो हे कुणाला सांगायला नको. एकाने नांगरताना वीतभर आत घेतला की दुसरा पुढच्या वर्षी दीड वीत घेतो. आमचा आणि या चुलतदिराचा बांध असाच झिजून झिजून शेवटी कुत्रं चालत जाईल एवढा उरला आहे. दोन घरांत बोलणं नाही. जेवणाला बोलावणं नाही. बाप्यांनी शेतात केलं तेच बायकांनी कपारीत केलं होतं. आक्का आपल्या बाजूने थोडी थोडी घ्यायच्या, चुलतजाऊ तिच्या बाजूने. आत खोल जायला अंधार, वाकून वाकून कंबर धरते. भिंतीतली तांबडी तोंडाशी, उजेडातली, आणि चांगली चिकट. शिवाय आपण नाही घेतली तर ती घेईल.

मी सांगितलं. एकदा नाही, दरवर्षी सांगितलं. ती भिंत नाही, तो खांब आहे, त्याच्यावर डोंगर आहे. गज घेऊन गेले आणि दोघींसमोर छत ठोकून दाखवलं. आत टणटण वाजलं, भिंतीच्या वर भद्द वाजलं. चुलतजाऊ माझ्यापेक्षा लहान, तोंडाने फटकळ, पण घरातलं भांडण तिने माझ्याशी कधी आणलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आवं बाई, शेतातला बांध बाप्यांचा. आमच्या वाट्याला एवढाच बांध हाय. त्यो तरी कोरू द्या आमाला.”

आक्कासुद्धा हसल्या. दोघी एका गोष्टीवर हसल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं.

ग्रामपंचायतीत सांगितलं. धोक्याची पाटी लावतो म्हणाले. पाटी लागली, त्यावर धोका लिहिलं, आणि पुढच्या नागपंचमीला बायकांनी पाटीच्या खांबाला पिशव्या अडकवून तांबडी काढली. मग मी दुसरा मार्ग काढला. हायवेसाठी डोंगर कापला तिथे हाच थर उघडा पडला आहे, वर छत नाही, काही नाही. तिथून मी दोन पोती भरून आणली आणि एक आक्कांपुढे ठेवलं. त्यांनी पोत्याचं तोंड उघडून वास घेतला.

“रस्त्याकडंची व्हय? कुणी कुणी पाणी सोडलंय हिच्यावर, काय म्हाईत.”

“धुऊन घ्या.”

“माती कुठं धुत्यात का गं?”

पोतं गोठ्यात गेलं.

यंदा पाऊस दिवाळीनंतरही थांबला नाही. वरच्या माळावर पाणी साचून राहिलं होतं. पाषाणाला भेगा असल्या की पाणी त्यांतून खाली उतरतं आणि तांबडीवर येऊन थांबतं. कारण तांबडी ते पुढे जाऊ देत नाही, स्वतःच पिते. कोरडी असताना ती वजन पेलते. पाणी प्यायली की साबणासारखी होते. मांडव घातला त्या दिवशी मी एकटी जाऊन बघून आले. भिंतीच्या बुडातून पाणी पाझरत होतं, आणि मधोमध एका जागी ती इतकी पातळ झाली होती की पलीकडचा उजेड दिसेल असं वाटलं.

घरी येऊन आक्कांना देवघरात नेलं. म्हटलं, यंदा जायचं नाही. लेकीचं लग्न आहे, तुम्ही त्या दिवशी उभ्या असायला पाहिजे. हवं तर जुन्या सारवणाचा पोपडा भिजवून त्यानेच सारवा, ती तांबडीही आपल्याच कपारीतली आहे. हे त्यांना पटल्यासारखं वाटलं. म्हणाल्या, “न्हाई जात. तू म्हणतीस तर न्हाई जात.” मला ते खरं वाटलं नाही, म्हणून मी वाकळा घेऊन डोंगराखालच्या विहिरीवर गेले.

पहिली वाकळ हौदात तुडवत होते तेव्हा आक्का ज्वारीच्या कडेने वर जाताना दिसल्या. डोक्यावर पाटी, हातात टिकाव. गावाकडून न येता मागच्या पाणंदीने गेल्या होत्या, म्हणजे मला चुकवूनच. मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात हलवला, येते म्हणून. मी पाण्यातून बाहेर आले, चपला घातल्या आणि चढायला लागले. तेवढ्यात खालून चुलतजाऊ येताना दिसली. तिच्याही डोक्यावर पाटी. तिच्या घरी लग्न नव्हतं, सण नव्हता. तुळशीची लग्नंही होऊन गेली होती. पण बांधावर एका घरचं माणूस एकटं दिसलं की दुसऱ्या घरचं माणूस काहीतरी काम काढून तिथे जातंच. आमच्याकडे त्याला पाळत म्हणत नाहीत, संसार म्हणतात. मी तिलाही ओरडून सांगितलं की जाऊ नकोस. तिने ऐकलं, नाही असं नाही. वळून म्हणाली, “आधी त्यास्नी सांगा की.”

ती तरुण, मला गुडघ्याचा त्रास. माझ्या आधी पोचली. मी खालून बघत होते. दोघी दोन तोंडांतून आत वाकल्या. टिकावाचे आवाज येत होते, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि दोन्ही भिंतीतूनच येत होते.

मग एक दणका झाला. गडगडाट नाही, एकच दणका, आणि पायाखालची जमीन जराशी हलली. कोयनानगरला हादरा बसला की इकडे भांडी वाजतात, तेवढंच. दोन्ही तोंडांतून लाल धूळ बाहेर आली.

आक्का तोंडाशीच होत्या. त्यांच्या पायावर दगड होता आणि बाकी त्या बाहेर होत्या. पहार नव्हती. त्यांचाच टिकाव घेतला, खाली एक दगड सरकवला आणि दांड्याने जोर देऊन तो ठोकळा बोटभर उचलला. दुसऱ्या हाताने त्यांना काखेतून ओढलं. पाय घोट्याच्या वर मोडलेला दिसत होता. मी त्यांना लांब, उघड्यावर नेऊन बसवलं. त्या पाटीकडे बघत होत्या.

शेजारच्या कपारीत मधला एक आख्खा ठोकळा खाली बसला होता, लोखंडी कपाटाएवढा. त्याच्या आणि मागच्या खडकाच्या मधे फट होती. मी नाव घेऊन हाक मारली. आतून आवाज आला, “बाई, मी हाय.”

विचारलं, कुठे अडकली आहेस. म्हणाली कमरेखाली काही कळत नाही. हाताला काय लागतंय विचारलं. थोड्या वेळाने म्हणाली, “भिंत न्हाई आता.”

मी नवऱ्याला फोन लावला. त्याला चार गोष्टी सांगितल्या. ट्रॅक्टर, जॅक, माणसं आणि मांडवाचे डांब.

“डांब कशाला?”

“छताला टेकू द्यायला. सगळे उपटून आण.”

“मुहूर्तमेढ बी?”

“ती पण.”

फौजेतला माणूस. पुढे काही विचारलं नाही.

डांब यायच्या आधी माणसं आली. गावाला आवाज गेला होता. चुलतदीर सगळ्यांच्या पुढे, पायात चप्पल नव्हती. तो सरळ आत घुसायला निघाला. मी कपारीच्या तोंडात उभी राहिले, हातात टिकाव आडवा धरून. वरचा दुसरा ठोकळा मी दांड्याने ठोकून बघितला होता. भद्द वाजला होता. त्याच्या खाली आता काही नव्हतं, तो नुसता शेजारच्याला खेटून थांबला होता. चार माणसं आत जाऊन ओढाओढ करायला लागली असती तर तो आला असता.

तो म्हणाला सरका. मी म्हटलं टेकू लागल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. तो म्हणाला आत माझी बायको आहे. मी म्हटलं मला माहीत आहे. मग तो गावाकडे वळून बोलला, “हिच्या घरची भाईर काडली. आता हिला दगड बघायचाय.”

मी जागची हलले नाही. म्हटलं, “आत गेलास तर दोघांना काढावं लागंल.”

आतून ती त्याला हाका मारत होती. मग पाणी मागितलं. फटीतून बाटली सरकवली, ती तिच्यापर्यंत पोचली की नाही कळलं नाही. नंतर हाका थांबल्या. तो तिथेच माझ्या पायाशी खाली बसला आणि मातीत हात घालून कपाळाला लावत राहिला. मी त्याच्याकडे न बघता वर बघत होते. मला तेवढंच काम येत होतं.

ट्रॅक्टर आला. डांब आले. डांबांना अजून झेंडूच्या माळा होत्या, मुहूर्तमेढीला हळदीच्या फडक्यात बांधलेली सुपारी. एकेक डांब मापाने कापून बसवला, वर फळ्या ठोकल्या, खाली पाचरी मारल्या. कोळशाच्या खाणीत हे काम करणारी माणसं वेगळी असतात, पण मी पुष्कळदा उभी राहून बघितलेलं होतं. टेकू आवळले तसे मी टिकावाच्या दांड्याने पुन्हा ठोकलं. मग नवऱ्याला आणि चुलतदिराला, दोघांनाच, आत जाऊ दिलं. ट्रॅक्टरचा जॅक लावून ठोकळा वर घेतला. ती निघाली तेव्हा गेलेली होती.

दुसरा ठोकळा खाली आला नाही. तो तसाच राहिला, आम्ही सगळे बाहेर आल्यावरही. त्यामुळे टेकूंची गरज होती की नव्हती, हे गावाने आपापलं ठरवलं. सरळ आत गेले असते तर ती जिवंत निघाली असती असं म्हणणारे आजही आहेत आणि ते खोटंच आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना मी विचारलं नाही. उद्या पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा टेकू येईपर्यंत तोंडात उभी राहीन.

विहिरीवर ट्रॉली होती आणि ट्रॉलीत न धुतलेल्या कोरड्या वाकळा. एकीत आक्कांना घातलं, चार जणांनी कोपरे धरून खाली आणलं. दुसरीत तिला. ती वाकळ आक्कांनीच सासूबाईंच्या लुगड्यांची शिवलेली होती. या घरची वाकळ त्या घरच्या माणसाच्या अंगावर जायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती.

आक्कांना मिरजेला नेलं. गाडीत मी त्यांचा पाय धरून बसले होते. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटायच्या. ती गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी आपल्या बाजूचीच घेत हुते.”

मी हो म्हटलं. खरंच होतं ते. दोघी आपापल्या बाजूचीच घेत होत्या.

दवाखान्यात पायात स्टीलची पट्टी घालावी लागेल म्हणाले, म्हातारपणाचं हाड आहे, वेळ लागेल. पुतणी पुण्याहून निघाली होती, ती सरळ तिथेच आली. मला बाजूला घेऊन विचारलं, आता लग्नाचं काय. मी म्हटलं, पुढे जाईल. ती म्हणाली, आई उभी राहू शकत नाही म्हणून का. मी म्हटलं, नाही, सुतक आहे म्हणून. तिच्या लहानपणापासून तिने त्या घराशी बोललेलं कुणाला पाहिलं नव्हतं. बोलणं नसलं तरी भावकी आहे, आणि भावकीत माणूस गेलं की सुतक दोन्ही घरांना सारखं येतं. ते बांध बघत नाही. तिने पाहुण्यांना फोन करायला सुरुवात केली. लहानपणी याच आक्कांनी तिला चुलतकाकूच्या दारातून जाऊ नको म्हणून मारलेलं मला आठवत होतं.

मयत तालुक्याच्या दवाखान्यातून संध्याकाळी मिळालं आणि लगेच दहन झालं. मी मिरजेहून येऊन थेट त्यांच्या दारात गेले. त्यांच्या घरच्या बायकांनी मला बसायला जागा दिली. पाणी दिलं नाही, सुतकाच्या घरी देतही नाहीत, त्यामुळे त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळलं नाही. उंबऱ्यावर दिवाळीचं सारवण अजून लाल होतं. तिथूनच मी जेसीबीवाल्याला फोन केला. सरपंच म्हणाले होते की ग्रामसभेत विषय घेऊ. ग्रामसभा होईपर्यंत दुसरी कुणीतरी लग्नघरची आई पाटी घेऊन गेली असती. पंचनामा झालेला होता, पोलिसांनी कपारीत जायला मनाई केली होती, आणि बुजवू नका असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

१९ तारखेला सकाळी उजाडल्यावर मी डोंगरावर गेले. नवरा बरोबर होता. ड्रायव्हरला सांगितलं, टेकू तसेच राहू दे, काढायला जाऊ नको, मुरूम बाहेरून दोन्ही तोंडांत लोट आणि बकेटने दाबत जा. बाकीच्या घरांच्या कपारीही बुजवायच्या. गावातल्या काही बायका खाली पाणंदीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक वर आली आणि म्हणाली, बुजवायच्या आधी एक पाटी घेऊ का, बाहेर सांडलीय त्यातली. मी म्हटलं हायवेच्या कडेला हवी तेवढी आहे. ती गेली.

मशीन सुरू होणार तेवढ्यात नवरा पुढे झाला. तोंडाशी मधोमध चुन्याचा तो हद्दीचा दगड उभाच होता, त्याला काही झालं नव्हतं. म्हणाला, “ह्यो दगड तेवढा बाजूला काढून ठेवतो. पुढं कटकट नको.”

“कशाची कटकट? कपार राहणार नाही.”

“तरी पण. कुठवर आपली हुती, ते म्हाईत असावं.”

त्याच्या हाताला कालच्या दगडाचे ओरखडे होते. काल याच हातांनी त्याने चुलतदिराबरोबर जॅक फिरवला होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही. ड्रायव्हरकडे वळून सांगितलं, आधी तो दगड आत ढकल. ड्रायव्हरने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हाताने दाखवलं. बकेटचा एक धक्का लागला, दगड आडवा झाला आणि आत गेला. त्याच्यावर मुरूम पडला.

दुपारपर्यंत मी तिथे उभी राहून सगळी तोंडं बुजवून घेतली. मग आम्ही खाली विहिरीवर आलो. कालची वाकळ हौदात तशीच बुडून होती. मी एकटीने ओढून बघितली, उचलली नाही. त्याला हाक मारली. त्याने एक टोक धरलं, मी एक धरलं, आणि ती पिळून आम्ही कातळावर वाळत घातली.